डांसाचें वाहन

संस्कृत व्याकरणांत क्षुद्र जंतूंच्या नांवांचा द्वंद्व समास करावयाचा असेल तर तो एकवचनीं व नपुंसकलिंगीं करावा, असा नियम आहे. त्याचें ठराविक उदाहरण म्हणजे 'दंशमशकम्'. दंश म्हणजे चावणारी माशी आणि मशक म्हणजे डांस. परंतु वैयाकरणाच्या लेखीं हे जीव इतके क्षुल्लक कीं, त्यांस निराळें लिंग, निराळें वचन देण्याचें त्यास कारण दिसलें नाहीं. सुश्रुताची दृष्टि वेगळी होती. तो वैद्य होता, आणि वैद्यास अशी सर्वांची एक मोट बांधून चालत नाहीं. त्यानें मशकांच्या पांच जाति सांगितल्या. 'सामुद्र', 'पार्वतीय' आणि 'कृष्ण' हीं त्यांतील तीन नांवें होत. आमच्या मराठी भाषेनें मात्र वैयाकरणाचाच कित्ता गिरविला, आणि 'दंश' या शब्दापासून झालेला 'डांस' हा एकच शब्द सगळ्यांस लावून टाकिला.

भाषेचें त्यानें कांहीं बिघडत नाहीं. घर चालविणाराचें मात्र बिघडतें. कारण सर्व डांस एकाच घाणींत जन्मतात, एकाच वेळीं चावतात, आणि वाऱ्याबरोबर कोठून तरी येऊन घरांत शिरतात, अशी जी आपली समजूत झालेली असते, तिजमुळें आपण उपाय भलत्याच ठिकाणीं करीत बसतों. संध्याकाळीं दारें-खिडक्या लावितों, ऊद जाळितों, नगरपालिकेच्या गटाराच्या नांवानें बोटें मोडितों. आणि डेंग्यूचा डांस भर सकाळीं आपल्याच न्हाणीघरांतून निघून, आपल्याच नातवाच्या पोटरीस चावून, पुन्हां कपड्यांच्या खुंटीमागें जाऊन बसतो. म्हणून आज या क्षुद्र जंतूची थोडी विचारपूस करावयाची आहे. तो राहतो कोठें, आणि मुख्य म्हणजे एका गांवाहून दुसऱ्या गांवास जातो कसा, एवढेच दोन प्रश्न वाचकांपुढें मांडतों.

आपल्याकडे रोग पसरविणाऱ्या डांसांचीं तीन कुळें प्रमुख आहेत. पहिलें क्यूलेक्स. हा गटारांत, सांडपाण्याच्या डबक्यांत, शौचकूपाच्या टांकींत वाढतो, रात्रीं चावतो, हत्तीरोगाचे जंतु यानेंच वाहून नेले आहेत. दुसरें ॲनॉफिलीस. हा भिंतीवर बसला म्हणजे शरीराचा मागील भाग उंच धरून, भिंतींत टांचणी टोंचावी तसा तिरपा बसतो. हिंवताप हा याचा रोग. आणि यास घाण पाणी आवडत नाहीं, स्वच्छ पाणी लागतें. तिसरें ईडीस. काळा अंगरंग, पायांवर पांढरे पट्टे, चावण्याची वेळ दिवसाची, त्यांतही सकाळची आणि सूर्यास्तापूर्वींची. डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिका हे याचे रोग होत. तिन्ही कुळांत चावते ती मादी. अंडीं पोसण्यासाठीं तिला रक्त लागतें. नर बिचारा फुलांतील गोड रसावर निर्वाह करितो.

यांतील ईडीस हा आपल्या आजच्या विषयाचा नायक आहे. त्याच्याविषयीं पहिली आश्चर्याची गोष्ट ही कीं, त्यास फारसें उडतां येत नाहीं. जन्मल्या जागेपासून शेंदोनशें मीटर, फार तर चारशें मीटर, एवढ्या आवारांत त्याचें सारें आयुष्य संपतें. एका वाड्याच्या मागील दारीं जन्मलेला डांस पेठेच्या दुसऱ्या टोंकास सहसा पोंचत नाहीं, मग तालुक्याच्या गांवाहून आठ कोसांवरच्या खेड्यास तो उडत जाईल ही कल्पनाच नको. असें असतां हा जीव आज पृथ्वीवरील बहुतेक सर्व उष्ण देशांत पसरलेला आहे. हें घडलें कसें?

पुराणांत देवांना वाहनें आहेत. गणपतीस उंदीर, कार्तिकेयास मोर, शनीस कावळा. ज्यास स्वतः चालण्याचे कष्ट नकोत त्यानें वाहन ठेवावें. या डांसासही एक वाहन आहे, आणि तें वाहन म्हणजे मनुष्य होय. तो आपल्या पंखांनीं गांवोगांव गेला नाहीं. आपण त्यास नेलें, अजून नेत आहों. आज मला सांगावयाचें आहे तें एवढेंच.

याचें रहस्य त्याच्या अंड्यांत आहे. ईडीसची मादी अंडीं पाण्यावर सोडीत नाहीं. ती भांड्याच्या आंतील बाजूस, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर कडेला चिकटवून ठेविते. मोहरीहूनही बारीक असा तो काळा ठिपका डोळ्यांस सहज दिसत नाहीं. भांडें रितें झालें, वाळलें, अडगळींत पडलें, तरी अंडें मरत नाहीं. सहा-आठ महिने तें तसेंच जिवंत राहूं शकतें, आणि पुन्हां पाणी त्यास शिवलें कीं आंतून अळी बाहेर येते. म्हणजे उन्हाळ्यांत कोरडें ठणठणीत दिसणारें पिंप ही एक मुकी पेटी आहे. तें पिंप एका गांवाहून दुसऱ्या गांवास गेलें म्हणजे डांसाचें बिऱ्हाड हललें असें समजावें.

याचें मूळ घर आफ्रिका. तेथील रानांत झाडांच्या ढोलींत साचलेल्या पाण्यांत त्याचे पूर्वज वाढत. जेथें पाऊस थोडा आणि कोरडे महिने फार, तेथें माणसें घरांत पाणी भरून ठेवूं लागलीं, आणि रानांतला हा डांस त्या भांड्यांच्या आश्रयानें घरगुती झाला. पुढें युरोपीय व्यापाऱ्यांनीं आफ्रिकेंतील माणसें गुलाम करून अमेरिकेस नेण्याचा जो घोर धंदा चालविला, त्या गलबतांवरील पाण्याच्या पिंपांतून हा डांस अटलांटिक महासागर ओलांडून गेला, आणि त्याच्याबरोबर पीतज्वर नांवाचा भयंकर रोगही गेला. बंदरामागून बंदर त्या रोगानें झोडपलें. १७९३ सालीं फिलाडेल्फिया ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राजधानी होती. त्या एका वर्षीं त्या शहरांत सुमारें पांच हजार माणसें, म्हणजे दहांत एक, पीतज्वरानें मेलीं. लोक दोष देत होते तो हवेस आणि कुजलेल्या मालास. घराघरांतील पाण्याच्या पिंपाकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

तें लक्ष प्रथम वेधलें क्यूबांतील डॉक्टर कार्लोस फिनले यानें. १८८१ सालीं त्यानें सांगितलें कीं, हा रोग एका विशिष्ट जातीच्या डांसाकडून पसरतो. पुढें जवळजवळ वीस वर्षें त्याची थट्टाच झाली. इकडे आपल्या देशांत, सिकंदराबाद येथें, ऑगस्ट १८९७ मध्यें रोनाल्ड रॉस यास डांसाच्या पोटांत हिंवतापाचे जंतु सांपडले. आणि १९०० सालीं वॉल्टर रीड याच्या मंडळानें फिनलेचें म्हणणें प्रयोगानें खरें ठरविलें. लगेच १९०१ सालीं गॉर्गस या लष्करी डॉक्टरानें हवाना शहरांत घरोघर माणसें पाठविलीं. औषध त्यांच्याजवळ कांहींच नव्हतें. त्यांनीं पाण्याच्या पिंपांवर झांकणें घातलीं, उघड्या पाण्यावर तेल ओतलें, फुटकीं भांडीं फेंकून दिलीं. पिढ्यान् पिढ्या ठाण मांडून बसलेला पीतज्वर त्याच वर्षीं त्या शहरांतून निघून गेला. लसही नाहीं, गोळीही नाहीं, नुसतें झांकण! हें उदाहरण ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

गलबतांवरचीं पिंपें गेलीं. त्यांच्या जागीं दुसरीं वाहनें आलीं. ईडीसचाच एक आशियांतील भाऊबंद आहे, अंगावरील पट्ट्यांमुळें त्यास वाघडांस म्हणतात. तो १९८५ सालीं अमेरिकेंतील ह्यूस्टन शहराच्या आसपास ठाण मांडून बसलेला आढळला, आणि तेथें तो जपानकडून आलेल्या जुन्या टायरांतून गेला असें ठरलें. टायर कसाही ठेवा, त्याच्या पोटांत पावसाचें पाणी राहतें, ऊन लागत नाहीं, आणि कडेला अंडीं घालण्यास सुरेख जागा मिळते. शोभेसाठीं पाण्यांत ठेवावयाच्या, 'बांबू' म्हणून विकल्या जाणाऱ्या कोंवळ्या कांड्यांबरोबरही तो परदेशीं गेल्याची नोंद आहे. ज्यास आपण शकुनाचें रोप म्हणून दिवाणखान्यांत ठेवितों त्याच्या तळाशीं काय आहे, तें अधूनमधून वाकून पाहावें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. डेंग्यू हा आपल्याकडे फार काळ शहरांचा रोग होता. कलकत्त्यास १९६३ सालीं त्याची मोठी सांथ आली. दिल्लीस १९९६ सालीं दहा हजारांवर लोक आजारी पडले आणि चारशेंहून अधिक दगावले. त्या काळीं खेड्यांतील माणूस म्हणे, 'हा शहरचा ताप.' आज तसें म्हणण्याची सोय राहिली नाहीं. चिकुनगुन्याचेंच पाहा. १९६३ सालीं तो कलकत्त्यास दिसला. १९७३ सालीं आपल्या सोलापूर जिल्ह्यांतील बार्शीसारख्या मध्यम गांवांत त्याची सांथ आली. मग तीसएक वर्षें तो जणूं झोंपीं गेला. आणि २००६ सालीं उठला तो महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र वगैरे प्रांतांतील खेड्यापाड्यांतून. त्या एका वर्षांत देशांत सुमारें तेरा लाख नव्वद हजार संशयित रोगी मोजले गेले. वांकलेल्या पाठीनें, सुजलेल्या सांध्यांनीं लोक ऐन पेरणीच्या दिवसांत अंथरुणावर पडले, हें ज्यांनीं पाहिलें त्यांस त्याचें वर्णन करून सांगावयास नको. झिका या रोगाचा महाराष्ट्रांतील पहिला रोगी जुलै २०२१ मध्यें आढळला, आणि तो पुण्यांत नव्हे, मुंबईंतही नव्हे, तर पुरंदर तालुक्यांतील बेलसर या खेड्यांत. पुणें शहरांत २०२४ सालीं जे रोगी सांपडले त्यांत गर्भवती स्त्रियाही होत्या. आणि गर्भांतील बालकाच्या मेंदूस या रोगापासून धोका असतो. 'आमचें गांव लहान, येथें काय होणार!' हें वाक्य आतां खोटें ठरलें आहे.

शहरांतला हा डांस खेड्यांत नांदूं कसा लागला? एक तर रस्ते झाले, एस्‌. टी. झाली, मालमोटारी झाल्या; जुने टायर, भंगाराचीं पिंपें, प्लॅस्टिकचे डबे शहरांतून खेड्यांत जाऊं लागले. दुसरें, नळ आले, परंतु नळांस रोज पाणी आलें नाहीं. पूर्वीं नदी-विहिरीवरून घागरी डोक्यावर आणून रोजचें पाणी रोज वापरीत. आतां चार-आठ दिवसांनीं कधीं तरी नळ येतो किंवा टँकर येतो, म्हणून प्रत्येक घराबाहेर दोन-दोन निळीं पिंपें आणि एक सिमेंटची टांकी उभी असते. हें पाणी कोणी हौसेनें सांठवीत नाहीं. ज्याच्या नळास चोवीस तास पाणी आहे त्यानें अशा घरांस आळशी म्हणूं नये. पाणी अनियमित देणें म्हणजे डांसास निमंत्रण देणें, हें नगरपालिकांनींही समजून घेतलें पाहिजे.

येथें जुन्या घरांतील एक रीत आठवते. तांब्यापितळेचीं भांडीं काळीं पडतात, म्हणून हंडा-कळशी रोज रिती करून चिंचेनें, राखेनें घासावीच लागे. शिळें पाणी झाडांस ओतून ताजें भरावें हा नेम असे. ज्या माउल्यांनीं तो पाळिला त्यांस डांसाचीं अंडीं ठाऊक नव्हतीं. परंतु कडेला चिकटलेलीं अंडीं रोजच्या घासण्यांत आपोआप निघून जात. प्लॅस्टिकचें पिंप काळें पडत नाहीं, म्हणून तें कोणी घासत नाहीं. आणि जें घासलें जात नाहीं तेथें डांस सुखानें राहतो. जुनें तें सारें शहाणपणाचें होतें असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. त्याच जुन्या वाड्यांतील उघड्या आडांनीं आणि विहिरींनीं काय केलें, तें आतां पाहूं.

वऱ्हाडांतील एलिचपूर, म्हणजे आजचें अचलपूर, येथें असतां लिस्टन नांवाच्या लष्करी डॉक्टरानें ॲनॉफिलीस डांसांचें वर्षभर निरीक्षण केलें, आणि १९०१ सालीं एका नव्या जातीचें वर्णन प्रसिद्ध केलें. तिचें नांव स्टेफेन्सी. याच लिस्टननें पुढें मुंबईंत प्लेग आणि उंदरांवरील पिसवा यांचा संबंध शोधण्याच्या कामीं मोठा भाग घेतला. हिंवतापाचे बहुतेक डांस शेताच्या, ओढ्याच्या, रानाच्या आसपासचे. परंतु स्टेफेन्सी हा शहरवासी. विहीर, हौद, गच्चीवरची टांकी, बांधकामावरचें साचलेलें पाणी हेंच त्याचें माहेर. मुंबईंत हिंवतापानें कहर केला तेव्हां डॉ. बेंटली यांनीं चौकशी करून १९११ सालीं अहवाल दिला आणि घरोघरच्या उघड्या विहिरींवर बोट ठेविलें. विहिरी बुजवाव्या, निदान झांकाव्या, असें ठरूं लागतांच हिंदूंनीं, पारशांनीं धर्माचा आधार घेऊन हरकत घेतली. विहिरीचें पाणी पवित्र खरें. परंतु त्यावर घट्ट झांकण बसविल्यानें त्याचें पावित्र्य कमी कसें होतें, हें मला आजवर कोणी समजावून दिलेलें नाहीं. पुढें पणजीस १९८६ च्या सुमारास इमारतींचीं कामें वाढलीं तेव्हां याच डांसानें तेथेंही हिंवताप माजविला.

आपल्याकडील हा शहरी डांस आतां परदेशगमनही करूं लागला आहे. आफ्रिकेंत हिंवताप हा मुख्यतः खेड्यांचा रोग. शहरांत तो मानानें थोडा. तांबड्या समुद्राच्या मुखाशीं जिबूती म्हणून चिमुकला देश आहे. तेथें २०१२ सालीं हिंवतापाचे अवघे सत्तावीस रोगी उरले होते. रोग निर्मूल झाला असें म्हणण्याची वेळ आली होती. त्याच वर्षीं तेथें स्टेफेन्सी डांस प्रथम आढळला. तो बंदराच्या वाटेनें गेला असावा असें शास्त्रज्ञ मानतात. २०२० सालीं त्या देशांत त्र्याहत्तर हजारांवर रोगी झाले. शेजारच्या इथिओपियांत दिरे दावा शहरीं २०२२ सालीं हिंवतापाची सांथ आली, आणि तींतही हाच डांस पुढें आला. त्याच वर्षीं जागतिक आरोग्य संघटनेनें आफ्रिकेंतील याच्या प्रसारास आळा घालण्यासाठीं निराळी मोहीम जाहीर केली. सिंहलद्वीपास २०१६ सालीं हिंवतापमुक्तीचें प्रमाणपत्र मिळालें, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मन्नार येथें स्टेफेन्सी सांपडला. म्हणजे वऱ्हाडांत ज्याचें वर्णन प्रथम झालें, मुंबईच्या विहिरींत जो वाढला, त्याच जातीचा डांस आज परक्या देशांतील मुलांचे प्राण घेत आहे. उलट पीतज्वराचें वाहन जो ईडीस, तो आपल्या घराघरांत आहे. परंतु पीतज्वर स्वतः आपल्या देशांत अद्याप आलेला नाहीं. आफ्रिकेहून व दक्षिण अमेरिकेहून येणाऱ्या प्रवाशांस विमानतळावर लशीचा दाखला मागतात तो याचसाठीं. घोडा दारांत बांधलेला आहे, स्वार यावयाचा आहे; तो येऊं नये हीच प्रार्थना.

डांसाच्या वाहनाचें झालें. आतां रोगाच्या वाहनाविषयीं दोन शब्द. डेंग्यूचें विष डांसाच्या पोटांत येतें तें आजारी माणसाच्या रक्तांतून. ताप भरण्याच्या आदल्या दिवसापासून पुढें चार-पांच दिवस रोग्याच्या रक्तांत तें असतें. त्या अवधींत त्यास चावलेला डांस आठ-दहा दिवसांनीं दुसऱ्यास रोग देण्यास समर्थ होतो, आणि मग मरेपर्यंत देत राहतो. आतां विचार करा. भाद्रपद लागला कीं मुंबईचे चाकरमाने गणपतीसाठीं कोंकणांत आपापल्या घरीं जातात. तेव्हां पाऊस असतो, अंगणांत नारळाच्या करवंट्या, पन्हळीखालचीं भांडीं, दगडी डोण, सारें भरलेलें असतें. मुंबईंत डांस चावलेला एखादा पुतण्या अंगांत कसर घेऊन घरीं येतो, दोन दिवस ओटीवर निजून राहतो, आणि परत जातो. त्याच्या मागें पंधरवड्यानें घरांतील आजी आणि शेजारचीं मुलें तापानें फणफणतात. पुतण्यास कोणी बोल लावूं नये. सणास घरीं यावयाचें नाहीं तर केव्हां? परंतु तापाचा माणूस दिवसांही मच्छरदाणींत निजवावा, एवढें तर आपल्या हातांत आहे. मच्छरदाणी रात्रीची वस्तु ही समजूत या रोगापुरती तरी सोडली पाहिजे.

माझा एक जुना विद्यार्थी तालुक्याच्या गांवीं दवाखाना चालवितो. तापाचा रोगी आला म्हणजे नाडी पाहून झाल्यावर तो घरच्या माणसांस एकच प्रश्न विचारितो: 'घरांतलें पिंप शेवटचें कधीं घासलें होतें?' लोक प्रथम हंसतात, मग एकमेकांकडे पाहूं लागतात. त्याच्या प्रश्नांतच सारें औषध आहे. अंड्यापासून उडणारा डांस होण्यास सुमारें सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यांतून एक दिवस घरांतील प्रत्येक भांडें रितें करून, आंतील कडा काथ्यानें खरखरून घासून, उन्हांत वाळविलें, तर एकही अळी पंखापर्यंत पोंचत नाहीं. याला कोरडा दिवस म्हणतात. नुसतें पाणी ओतून भागत नाहीं. अंडीं कडेला असतात, म्हणून घासणें हेंच मुख्य. जें रितें करतां येत नाहीं त्यावर घट्ट झांकण किंवा दुहेरी फडकें बांधावें. विहिरींत आणि मोठ्या हौदांत गप्पी मासे सोडावे. शीतकपाटाच्या मागची ताटली, कूलर, कुंड्यांखालच्या बशा, फुलदाणी, गच्चीवरचे टायर, फुटका उखळ, पक्ष्यांसाठीं ठेवलेलें पाणी, हीं ठिकाणें सहसा विसरतात. तीं आधीं पाहावीं.

एकत्र कुटुंबांत एक अडचण असते: चौघांचें काम तें कोणाचेंच होत नाहीं. धाकटी सून म्हणते थोरली करील. थोरलीस वाटतें मोलकरणीनें केलें असेल. आणि पुरुषमंडळींस हा प्रश्न आपला आहे असें वाटतच नाहीं. म्हणून कामें नांवानें वांटून द्यावीं. गच्ची तरण्या मुलांकडे. अंगण आजोबांकडे, कारण त्यांस वेळ असतो आणि दोष काढण्याची संवयही असते. न्हाणीघर व स्वयंपाकघर त्या दिवशीं घरीं असेल त्याच्याकडे, मग तो पुरुष कां असेना. मुलांच्या हातीं एक विजेरी देऊन अळ्या शोधावयास सांगावें. पाण्यांत वळवळणारी अळी ज्या मुलानें स्वतः पाहिली त्यास पुढें उपदेश करावा लागत नाहीं. आणि डांसाचें उड्डाण शेंदोनशें मीटरांचें, तेव्हां आपण आपलें घर कोरडें केलें आणि शेजाऱ्याचें भरलेलें राहिलें तर काम अर्धेंच झालें. शेजारधर्म म्हणतात तो येथें अक्षरशः लागू पडतो.

इतकें करूनही ताप आलाच, तर दोन गोष्टी लक्षांत असूं द्याव्या. डेंग्यूचा संशय असतां ॲस्पिरिन किंवा आयबूप्रोफेन यांसारख्या गोळ्या आपल्या मनानें देऊं नयेत, त्यांनीं रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. दुसरें, ताप उतरला म्हणजे संकट टळलें असें समजूं नये. धोक्याचा काळ बहुधा तिसऱ्या ते सातव्या दिवसांत, ताप उतरतांनाच येतो. पोट फार दुखणें, वारंवार वांत्या, हिरड्यांतून किंवा नाकांतून रक्त, अंग गार पडणें, अस्वस्थता किंवा ग्लानि, यांपैकीं कांहींही दिसल्यास घरगुती काढ्यावर किंवा पपईच्या पानांच्या रसावर विसंबून न राहतां रोग्यास ताबडतोब इस्पितळांत न्यावें.

शेवटीं एक इशारा. ब्राझील देशानें घरोघर तपासणी चालवून ईडीस डांसाचें समूळ उच्चाटन केलें, आणि १९५८ सालीं तो देश या डांसापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. मग तपासणी सैल पडली. शेजारच्या देशांतून, बंदरांतून, टायरांतून तो परत आला, आणि आज तेथें डेंग्यूचे रोगी लाखोंनीं मोजितात. डांस घालविण्यास एक मोहीम पुरते. तो गेलेला ठेवण्यास मात्र नेम लागतो. आपल्या घराण्यांना मोहिमांची संवय नसेल, पण नेमाची खचित आहे. एकादशी, चतुर्थी, शनिवार कोणी सांगितल्याशिवाय ध्यानांत राहतात. त्यांच्या जोडीला आठवड्याचा हा एक दिवस बसविणें अवघड नाहीं.

मासिकाचा पुढील अंक वाचकांच्या हातीं पडेपर्यंत चार आठवडे जातील. म्हणजे चार कोरडे दिवस. आणि न पाळल्यास डांसाच्या जवळजवळ दोन पिढ्या. पहिला दिवस येत्या रविवारीं धरावा, आणि सुरुवात न्हाणीघरांतील पिंपापासून करावी.